खडकावर एकटा कोण?

व्यंगचित्राला आपल्याकडं कुणी समीक्षेच्या टेबलावर घेत नाही. कवितेवर रकानेच्या रकाने भरतात, आत्मकथनांवर चर्चासत्रं झडतात. व्यंगचित्र मात्र चहाबरोबर बघायचं, गालातल्या गालात हसायचं आणि पेपर दुमडून ठेवायचा. आपली पोरंही तेच करतात. त्यातही युद्धावरची, परराष्ट्र धोरणावरची व्यंगचित्रं असली तर बघायलाच नको. चीन, रशिया, अमेरिका हे दिल्लीतल्या साहेबांचे विषय. शिष्यवृत्ती, गायरान, अत्याचाराची केस हे आपले, अशी एक वाटणी आपण मुकाट्यानं मान्य करून बसलो आहोत.

बाबासाहेबांनी ही वाटणी कधीच मानली नव्हती. त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्या कारणांत परराष्ट्र धोरण हे एक ठळक कारण होतं. मग ही वाटणी आपल्या डोक्यात घातली कुणी? माझं म्हणणं असं, की अग्रलेखांपेक्षा हे काम चित्रांनी जास्त केलं. अग्रलेख वाचायला इंग्रजी लागतं, निदान सवड लागते. चित्र निरक्षरालाही कळतं. आणि चित्रात आपण नसतोच. ज्या चौकटीत आपला माणूस कधी उभा राहिला नाही, त्या चौकटीतला विषय आपला कसा वाटेल?

एका चित्रापासून सुरुवात करू. डेव्हिड लो हा मूळचा न्यूझीलंडचा व्यंगचित्रकार, लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये काढायचा. १८ जून १९४०. फ्रान्सनं हात टेकलेले. त्या दिवशीच्या चित्रात समुद्राच्या लाटा झेलणारा एक खडक आहे, खडकावर ब्रिटिश सोल्जर उभा, आभाळात शत्रूची विमानं, आणि त्यानं वर उगारलेली मूठ. खाली एवढीच ओळ, की बरं तर, एकटा तर एकटा. जगातल्या गाजलेल्या युद्धचित्रांत हे चित्र मोडतं. रेघ अशी की नजर हटत नाही.

लो ऐरागैरा नव्हता हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल की गोऱ्याला शिव्या देऊन मोकळा झाला. सगळं इंग्लंड हिटलरला गोंजारत होतं तेव्हा हा माणूस त्याची टर उडवत होता. १९३६ साली त्यानं हिटलरला लोकशाहीवाल्या पुढाऱ्यांच्या वाकलेल्या पाठींवरून जिन्यासारखा चढत जाताना दाखवलं. १९३७ साली लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला जाऊन आला आणि लोला जरा सबुरीनं घ्या असं सांगण्यात आलं. जर्मनांना त्याची चित्रं झोंबत होती. पोलंड वाटून घेतला गेला तेव्हा, २० सप्टेंबर १९३९ ला, त्यानं हिटलर आणि स्टालिन यांना एका प्रेतावरून एकमेकांना अदबीनं टोप्या काढून मुजरा करताना काढलं. तोंडात मात्र एकमेकांसाठी जुन्याच शिव्या. दोन देशांच्या गुप्त कराराचं सार त्या मुजऱ्यात आलं, पुस्तकं लिहून येणार नाही इतकं. लोचं एक तत्त्व होतं आणि ते लक्षात ठेवण्याजोगं आहे: हुकूमशहाला अक्राळविक्राळ राक्षस काढला तर तो मनातून खूश होतो, बावळट काढला तर चवताळतो. म्हणजे कुणाला केवढा काढायचा हाच व्यंगचित्रकाराचा खरा निवाडा.

तर मग खडकावर एकटा कोण? त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, 'पंच' साप्ताहिकात फूगास नावाच्या व्यंगचित्रकारानं लोला मिश्कील उत्तर दिलं. दोन सोल्जर बसले आहेत. एक म्हणतो, आपलं बिचारं साम्राज्य जगात एकटं पडलं. दुसरा म्हणतो, होय की, आपण सगळे पन्नास कोटी एकटे पडलो. विनोद चांगला आहे. पण ह्या पन्नास कोटींत बहुसंख्य कोण? तुमचे-माझे आजे-पणजे. त्यांना विचारलं होतं कुणी? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं जाहीर करून टाकलं की हिंदुस्थान युद्धात आहे. इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नाही. युद्ध संपेपर्यंत हिंदी फौज दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली, सुमारे ८७ हजार हिंदी सैनिक कामी आले. लोच्या खडकावर त्यांच्यासाठी वीतभर जागा नाही. फूगासनं त्यांची आठवण काढली, पण आकडा म्हणून. आकड्याला तोंड नसतं.

आता आपल्या घरातला इतिहास ह्या चित्राशेजारी ठेवून बघा. इंग्रजांच्या मुंबई फौजेत महार पिढ्यान् पिढ्या लढले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्यातलेच. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. दाद लागली नाही. पहिलं महायुद्ध आलं आणि १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसरं आलं आणि बाबासाहेबांच्या खटपटीनं ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ. लंडनमध्ये ठरलेलं परराष्ट्र धोरण आपल्या वाड्यापर्यंत कसं पोचायचं ते ह्यात दिसतं. लढाई आली की भरतीचा दवंडीवाला दारात, लढाई सरली की पुन्हा येसकराची काठी हातात. धोरण आपल्याला अन्नाच्या आणि मानाच्या भाषेत कळत होतं. ही एवढी मोठी व्यंगचित्राची गोष्ट, आणि तिला व्यंगचित्रकार मिळाला नाही.

व्यंगचित्रकार नव्हते असं नाही. भरपूर होते, आणि ते बाबासाहेबांना काढत होते. इथं थोडं थांबावं लागेल.

२०१२ साली 'गोगलगाई'वरून झालेलं रामायण सगळ्यांना आठवत असेल. शंकरचं ऑगस्ट १९४९ चं चित्र: घटना नावाची गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, मागं चाबूक उगारलेले नेहरू, भोवती बघे. हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं. संसदेत गदारोळ झाला, पुण्यात सुहास पळशीकरांच्या विद्यापीठातल्या ऑफिसची मोडतोड झाली, त्यांनी आणि योगेंद्र यादवांनी पुस्तकाच्या सल्लागारपदाचे राजीनामे दिले. टेबल-खुर्च्या मोडणारे आपल्याच नावानं मोडत होते. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. खुर्ची मोडून चित्र वाचता येत नाही. पण दुसऱ्या बाजूची विद्वान मंडळी काय म्हणत होती तेही ऐका: ह्यांना विनोद कळत नाही, नेहरू बघा कसे स्वतःवर हसायचे! हे वाक्य मला त्या मोडतोडीपेक्षा जास्त खुपलं. त्याचा हिशोब पुढं करू.

सगळे गोगलगाईवर अडकून पडले आणि खरा खजिना बाजूला राहिला. विजयवाड्याचे व्यंगचित्रकार आणि संशोधक उन्नमती श्याम सुंदर, आपलाच माणूस, ह्यांनी १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांनी बाबासाहेबांवर काढलेली शंभरावर व्यंगचित्रं गोळा करून 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक केलं. दिल्लीच्या नवयाननं ते २०१९ मध्ये छापलं. एकेक चित्र सुटं बघितलं तर चालेलसं वाटतं. ओळीनं शंभर बघा, मग कळतं. गांधी मोठे, नेहरू मोठे, जीना मोठे, बाबासाहेब बुटके. कधी हट्ट करणारं पोर, कधी बाईच्या वेशात. (बाई करणं म्हणजे अपमान करणं, हे त्या संपादकांना किती सहज सुचत होतं तेही नोंदवून ठेवा. आपल्यातल्या काहींना अजून सुचतं.) त्या काळात ह्या माणसाइतकं शिकलेलं हिंदुस्थानात कितीजण होते? पण रेघ जातीचं माप घेऊनच कागदावर उतरत होती.

ह्यातली १९३९ नंतरची वर्षं म्हणजे युद्धाची वर्षं. बाबासाहेबांची त्या वर्षांतली भूमिका काय होती? ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबई विधानसभेत युद्धाच्या ठरावावर बोलताना त्यांनी स्वच्छ सांगितलं, की माझं हित आणि देशाचं हित ह्यांत देश आधी. पण देश आणि अस्पृश्य ह्यांत झगडा झाला तर अस्पृश्य आधी. देशभक्तीच्या नावानं आजही आपल्याला कोंडीत पकडतात तेव्हा कामाला येणारं हे सूत्र एका परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत जन्माला आलं, हे किती जणांना ठाऊक आहे? जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. नोव्हेंबरात मुंबई रेडिओवरून त्यांनी सांगितलं की नाझीवाद जिंकला तर कामगाराला स्वातंत्र्य, समता, बंधुता ह्यातलं काहीच उरणार नाही, म्हणून हे युद्ध कामगारानं आपलं मानावं. वंशाच्या श्रेष्ठत्वावर उभा असलेला हिटलर जन्माच्या श्रेष्ठत्वाचे चटके सोसलेल्या माणसानं ओळखला, ह्यात नवल काय? नवल हे, की ओळखणाऱ्याला देशातली पत्रं सरकारचा बगलबच्चा ठरवत होती. चलेजावच्या धामधुमीत ह्या भूमिकेशी वाद घालता आला असता. तुम्हीही घाला, मीही घालेन. पण वाद घालायला समोरच्याला आपल्याएवढं काढावं लागतं.

आता नेहरूंच्या हसण्याकडं येतो. १९४८ मध्ये 'शंकर्स वीकली' सुरू झालं तेव्हा नेहरूंनी शंकरला सांगितलं की मलाही सोडू नकोस. ही गोष्ट आपल्याकडं लोकशाहीचं स्तोत्र म्हणून म्हणतात. दुसरी गोष्ट १९६२ ची. आर. के. लक्ष्मण स्वतः सांगत. चीनच्या लढाईच्या दिवसांत त्यांनी नेहरूंवर चित्र काढलं, दुसऱ्या दिवशी खुद्द पंतप्रधानांचा फोन: चित्र आवडलं, जरा मोठं करून सही करून पाठवा, फ्रेम करून लावायचंय.

लक्ष्मणच्या रेघेला मी मानतो. कावळा काढावा तर त्यानंच. नेहरूंचा मोठेपणाही मान्य. पण समीक्षकानं इथं एक साधा प्रश्न विचारलाच पाहिजे. हिमालयात माणसं उन्हाळी कपड्यांत, जुन्या बंदुकांनिशी मरताहेत, आणि त्या लढाईला जबाबदार असलेला माणूस आपल्यावरचं चित्र दिवाणखान्यात लावायला मागतो. मग तो बाण लागला कुठं? लोची चित्रं जर्मनीत चालत नव्हती. लक्ष्मणचं चित्र पंतप्रधानाच्या भिंतीवर चाललं. नेहरू हसू शकले कारण चित्रात ते नेहरूच होते. नाक लांब, टोपी तिरकी, कपाळाला आठ्या, पण चौकटीच्या मधोमध, सगळ्या जगाचा भार वाहणारे. मधोमध काढलेल्या माणसाला स्वतःवर हसणं परवडतं. ज्याला शंभर वेळा पायाशी काढलं त्याच्या पोराला म्हणायचं, हसत का नाहीस? हा तो राहिलेला हिशोब.

आणि हे १९६२ एकाएकी आभाळातून पडलं नव्हतं. एप्रिल १९५४ मध्ये चीनबरोबर करार झाला, त्यातून पंचशील आलं, हिंदी-चिनी भाई भाईच्या घोषणा झाल्या. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत बाबासाहेब उभे राहिले. त्यांनी सांगितलं की माओचा पंचशीलावर विश्वास असता तर त्याच्या स्वतःच्या देशातल्या बौद्धांना तो वेगळं वागवता. तिबेट चीनच्या हाती जाऊ देणं म्हणजे चीनची हद्द आपल्या दाराशी आणून ठेवणं. आठ वर्षांनी दारावर थाप पडली. त्याआधी, ऑक्टोबर १९५१ मध्ये राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी परराष्ट्र धोरणाची जी फोड केली ती तर मला अजूनही न काढलेलं व्यंगचित्रच वाटते. वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले १८० कोटी फौजेला. का? तर आपल्याला जगात मित्र नाहीत म्हणून. आणि पाकिस्तानशी भांडण का? तर काश्मीरचा तंटा लोंबकळत ठेवला म्हणून, आणि पूर्व बंगालातल्या आपल्या माणसांचं काय होतंय तिकडं मात्र लक्ष नाही.

रुपयातले आठ आण्यांहून जास्त! हे मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजाराच्या दिवशी बाईला कळेल. रुपया मोडला, आठ आणे बंदुकीला गेले, उरलेल्यात शाळा, विहीर, दवाखाना बसवा. बाबासाहेब मोठ्या लोकांच्या चेहऱ्यांबद्दल बोलतच नव्हते, ते भाकरीच्या चतकोराबद्दल बोलत होते. त्या भूमिकेतली काश्मीरची फाळणीसारखी सूचना आज कुणाला पटेल, कुणाला नाही. तो वेगळा वाद. पण पद्धत बघा. परराष्ट्र धोरण मापायचं तर ते कुणाच्या ताटातून जातं ते बघायचं. युद्धकाळातली व्यंगचित्रं नेमकं हेच झाकतात. ती दोन तोंडं काढतात, नेहरू आणि चाऊ, इंदिरा आणि याह्या, राजीव आणि जयवर्धने, आणि दोन देशांचं युद्ध दोन माणसांचं भांडण होऊन जातं. भांडण बघायला गंमत येते. भांडणाचा खर्च कुणी मागत नाही. १९८७ साली श्रीलंकेत 'शांतिसेना' पाठवली तेव्हा आठव्या महार बटालियनचे मेजर परमेश्वरन तिथं पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्या मोहिमेत हजारावर भारतीय सैनिक गेले. कशासाठी गेले ह्याचं धड उत्तर दिल्लीपाशी नव्हतं. शांतिसेना ह्या नावातच एक काळंकुट्ट व्यंगचित्र होतं.

लक्ष्मणचा कॉमन मॅन आठवून कुणी म्हणेल, आहे की सामान्य माणूस चित्रात. आहे. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाभोवती केसांची झालर. तो सगळीकडं असतो, मंत्र्याच्या दिवाणखान्यात, विमानतळावर, परदेशी पाहुण्याच्या स्वागताला. पण तो कधी बोलत नाही, आणि त्याच्याकडं बघून एवढं नक्की सांगता येतं की हा गावकुसाबाहेरचा नाही. तो पांढरपेशा आहे. त्याचा पगार पुरत नाही, म्हणून तो चकित आहे. आपल्या माणसाला चकित व्हायला उसंत कुठली?

पैठणकरांना हा प्रकार नवा नाही. नाथांनी सोळाव्या शतकात आपल्याच गावच्या महाराला भारुडात उभा केला. तो 'जोहार मायबाप' म्हणत येतो आणि मोठ्यामोठ्यांना चार गोष्टी सुनावतो. हिंदू-तुर्क संवादात तर दोन धर्म समोरासमोर एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी गळ्यात पडतात. शब्दांनी काढलेलं ते व्यंगचित्रच आहे. नाथांचं मन मोठं होतं ह्यात शंका नाही. तरी त्या महाराच्या तोंडी बोल नाथांचे होते. चारशे वर्षांनी इंग्रजी पेपरवाल्यांनी काय केलं? नाथांनी निदान बोलता ठेवला होता, ह्यांनी चौकटीतनंच काढून टाकला.

पैठणचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेव्हा दिल्ली आणि हैदराबाद ह्यांच्यातला तंटा हा रीतसर परराष्ट्र धोरणाचा विषय होता. निजामानं ऑगस्ट १९४८ मध्ये तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली. त्याच्या शिष्टमंडळात औरंगाबादेत जन्मलेले आपले बी. श्यामसुंदर होते. उलट बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच निवेदन काढून संस्थानातल्या आपल्या लोकांना बजावलं होतं, की निजामाची बाजू घेऊन आपल्या समाजाला बट्टा लावू नका. दोन दलित पुढारी, एका आंतरराष्ट्रीय तंट्याच्या दोन बाजूंना. केवढा पेच! १३ सप्टेंबरला फौजा घुसल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि रणगाड्यांनिशी झालेल्या लढाईचं नाव ठेवलं 'पोलीस ॲक्शन'. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावांतून मुसलमानांवर जे गुजरलं त्याचा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला. आता त्या लढाईचं चित्र डोळ्यांपुढं आणा. काय येतं? विमानतळावर सरदार पटेलांपुढं हात जोडलेला किडकिडीत निजाम. तो फोटो खरा आहे, पण काम व्यंगचित्राचं करतो. दोन माणसं, एक मोठा, एक वाकलेला. श्यामसुंदर नाहीत, बाबासाहेबांचं निवेदन नाही, निजामाच्या जहागिरीत वेठ करणारा पैठण तालुक्यातला बिगारी नाही.

बाळ ठाकऱ्यांचं नाव टाळून मराठी व्यंगचित्रावर लिहिता येत नाही. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये घडलेला, लोला गुरू मानणारा हात. ब्रशची रेघ जोरकस, एका फटक्यात चेहरा उभा करणारी. १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' निघालं. पण लोनं ज्या हिटलरला आयुष्यभर बावळट केलं, त्याच हिटलरचं कौतुक चेल्यानं पुढं मुलाखतींतून केलं, आणि त्याच्या पक्षानं मराठवाड्यात नामांतराला विरोध केला. गुरूची रेघ घेतली, रेघेचा निशाणा टाकून दिला. ह्याहून जास्त जागा इथं देत नाही.

मग चौकटीत आपला माणूस आणता येतो की नाही? येतो. आणलेला आहे. चित्तप्रसाद हा बंगालचा चित्रकार, भट्टाचार्य हे ब्राह्मणी आडनाव त्यानं टाकून दिलं होतं. १९४३ चा बंगालचा दुष्काळ हा युद्धाच्या धोरणाचा दुष्काळ. ब्रह्मदेश पडला, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनं होड्या काढून घेतल्या, तांदूळ फौजेकडं वळला, आणि तीस लाखांच्या आसपास माणसं मेली. चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या रस्त्यांनी पायी हिंडला आणि मरणाऱ्यांना काढत गेला. गर्दी म्हणून नाही. माणूस म्हणून, कुठला कोण ह्याची नोंद ठेवून. 'हंग्री बेंगॉल' ह्या त्याच्या पुस्तिकेच्या पाच हजार प्रती इंग्रज सरकारनं जप्त करून नष्ट केल्या. मुंबईतनं निघणाऱ्या कम्युनिस्टांच्या 'पीपल्स वॉर'मध्ये तो काढत असे, पुढं मुंबईतच राहिला. ह्याच्या चित्रात चर्चिल मधोमध नाही. चर्चिलनं काय केलं ते मात्र आहे. आणि हे चित्र कुणी फ्रेम करून लावायला मागितलं नाही, जाळलं.

दुसरा एमरी डग्लस. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचा चित्रकार. आपण १९७२ मध्ये त्यांच्याकडून पँथर हे नाव घेतलं, त्यांचा चित्रकार मात्र आपल्यापर्यंत फारसा पोचला नाही. व्हिएतनामच्या युद्धात त्यानं एक काळा शिपाई काढला. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांतनं आसवं, आणि त्या आसवांत घरी, अमेरिकेत, काळ्या माणसांना पोलीस कसे मारताहेत ती दृश्यं. आपली लढाई व्हिएतनामात नाही, असं तो शिपाई सांगतो. निक्सन नाही, हो ची मिन्ह नाही. जो लढायला पाठवला त्याचा चेहरा सगळी चौकट भरून. लोच्या खडकावर जो माणूस यायचा राहिला होता तो मला इथं भेटला.

अगदी अलीकडची गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या माणसांना बेड्या घालून लष्करी विमानातून अमृतसरला आणून टाकलं. तमिळमधल्या 'विकटन'नं पंतप्रधानांना ट्रम्पशेजारी साखळदंडात बसलेलं काढलं. केंद्र सरकारनं विकटनची सगळी वेबसाइट बंद केली. मार्चमध्ये मद्रास हायकोर्टानं ती सुरू करायला सांगितली, पण ते चित्र तूर्त काढून ठेवायच्या अटीवर. म्हणजे आता फोन येत नाही, ऑर्डर येते. विकटनच्या बाजूनं आपण उभं राहिलंच पाहिजे, त्यात पण-बिण नाही. तरी चित्र बघताना माझी नजर पुन्हा तिथंच गेली. मजुराच्या हातातली बेडी चित्रकारानं काढली आणि पंतप्रधानाच्या हातात घातली. कल्पना जबरदस्त. मजूर मात्र विमानातच राहिला.

ज्यांच्या हाताला रेघ आहे त्यांना पुढच्या अंकासाठी सांगणं आहे. स्टेन्सिलवर काढताना भरीव काळं करू नका, कागद फाटतो आणि शाई पसरते. आडव्या-उभ्या रेघांनी काम भागवा. डग्लसही महागड्या छपाईसाठी काढत नव्हता; जाड बाह्यरेषा आणि ठिपक्यांच्या पट्ट्या वापरायचा. विषय तीन देतो. बेळगाव, ऑक्टोबर १९४१, भरतीची रांग. तिबेटवर राज्यसभेत एकटे बोलणारे बाबासाहेब, पण ह्या वेळी त्यांच्या मापाचे. आणि ३५० कोटींचा रुपया, बाजारात मोडताना. चित्रात आमचा कुणी ओळखीचा असेल तर, त्याला चालणार असेल तर, खाली त्याचं नाव लिहा.